बाटलीची कुस्ती

पोराचं तोंड उघडायला आम्ही तिघं लागलो. अक्कानं त्याचे पाय मांडीत आवळून धरले, मी दोन्ही हात धरले आणि दातांच्या डॉक्टर मुजावर बाईंनी हळूच त्याचा वरचा ओठ उचलला. तेवढ्यात संगूनं एक पाय सोडवून घेतला आणि माझ्या जबड्यावर अशी लाथ हाणली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. तीन वर्षंही पुरी न झालेलं पोर, पण शेवटी पैलवानाचं होतं.

"सोडू नका, दिसलं मला," बाई म्हणाल्या.

मलाही दिसलं. वरचे पुढचे चार दात जिथं असायला हवेत तिथं तपकिरी खुंट उरले होते, कडेनं काळे पडलेले. एका खुंटाच्या वर हिरडीला पिवळट फोड आला होता. वास असा की मी तोंड फिरवलं. गाल सुजून त्या बाजूचा डोळा बारीक झाला होता. आठवडाभर ते ना धड जेवत होतं ना झोपत होतं.

"रात्री बाटली देता?" बाईंनी विचारलं.

 अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. लहानपणी माझ्यासाठी शाळेतल्या पोरांना बुकलून काढणारी माझी बहीण, पण त्या खोलीत ती जमिनीकडं बघत बसली होती. शेवटी मीच सांगून टाकलं.

"बाटलीत थंडाई असते बाई. म्हशीचं दूध, बदाम, खसखस, खडीसाखर. बदामाचा चुरा अडकतो म्हणून बोंडीचं भोक दाभणानं मोठं केलंय. रात्रभर बाटली तोंडातच असते."

"कोण देतं?"

"ह्याचा बाप."

बाई चिडल्या नाहीत, त्यानंच मला जास्त लाज वाटली. त्या म्हणाल्या, "झोपेत तोंडातली लाळ कमी होते. गोड दूध दातांना चिकटून राहतं आणि कीड त्याच्यावर पोसते. पोटात जाईल ते अंगी लागत असेल, पण तोंडात राहतं ते दात खातं. हे चार काढावे लागतील, भूल देऊन. आधी सूज उतरायचं औषध देते. आणि दुधाचे दात आहेत, पडतील आपोआप, असं म्हणून थांबू नका. हा पू खाली येणाऱ्या नव्या दातांपर्यंत जातो."

मग त्यांचं लक्ष बाकावर दुपट्यात झोपलेल्या मयूरीकडं गेलं. संगूची ही धाकटी बहीण अजून रांगायलाही लागली नव्हती. बाईंनी हात धुऊन तिचा ओठ खाली केला. खालच्या हिरडीतून तांदळाच्या कण्यांसारखे दोन पांढरे दात नुकते वर आले होते.

"हिचे वाचवा," बाई म्हणाल्या. "पाजून झालं की ओल्या स्वच्छ फडक्यानं दात पुसायचे. झोपताना बाटली नाही. फारच रडली तर नुसतं पाणी. अधूनमधून ओठ उचलून बघायचं. हिरडीजवळ पांढरी रेघ दिसली तर लगेच या, काळं पडायची वाट बघू नका."

अक्कानं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "हिच्यापण बाटलीत घालाय लागल्यात, बाई. परवापास्नं."

घरी येईपर्यंत एसटीत ती मयूरीचा ओठ पुन्हा पुन्हा खाली करून बघत होती.

दाजी म्हणजे दिनकर खराडे. कोल्हापूरच्या आसपासच्या मैदानांत पंचवीस वर्षांपूर्वी हे नाव पुकारलं की लोक उठून उभे राहत. आमच्या हेरवडीच्या तालमीत तर त्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. मीही त्याच तालमीत अंग घुसळलेलं, पण माझं वजन त्यांच्या मांडीएवढं. त्यांनी मला डाव शिकवले, स्वतःच्या वाटणीची थंडाई पाजली आणि मग माझ्याच बहिणीशी लग्न केलं. मी त्यांना देव मानत होतो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं समजेल.

त्यांच्या डोक्यात एक जुनी सल होती. लहानपणी त्यांना पाणचट ताकावर तालमीत पाठवलं जायचं. ऐन उमेदीत एका मोठ्या मैदानात शेवटच्या क्षणाला अंगातलं बळ संपलं आणि हातातली कुस्ती गेली. खुराक कमी पडला, असं ते कुणालाही सांगत. म्हणून मुलगा झाला तसं त्यांनी ठरवूनच टाकलं, की ह्याला काही कमी पडू द्यायचं नाही. पाळण्यात होता तेव्हापासून त्याच्या बाटलीत थंडाई. लोकही कौतुक करायचे. पोर होतंही गुटगुटीत, नजर लागेल असं.

आम्ही घरी आलो तेव्हा दाजी अंगणात कुंडी मांडून बदाम घोटत बसले होते. शेजारी धुण्याच्या दगडावर दोन काचेच्या बाटल्या धुऊन उपड्या ठेवलेल्या, एक मोठी, एक लहान.

"काय म्हणली डॉक्टरीण?" त्यांनी सोटा न थांबवता विचारलं.

मी सगळं सांगितलं. दात काढायचं म्हटल्यावर सोटा थांबला.

"दुधानं दात किडत्यात?" ते हसले. "अरं, दुधानं हाडं होत्यात. मी जन्मभर थंडाई पितोय. हे बघ." त्यांनी कोनाड्यातली अख्खी सुपारी उचलली आणि दाढेखाली फोडली. "किडलंय काय कुठं?"

"दाजी, तुम्ही बाटली तोंडात घिऊन झोपला होता व्हय कधी?"

"जास्त शाना झालास. दुधाचं दात हायत, पडत्यात आणि येत्यात. भूल देऊन पोराचं दात उपटायचं? उद्या मैदानात त्याला लोक बोळका म्हणतील."

अक्का पुढं झाली. "अवो, पोरगं कळवळतंय. तुम्ही एकदा त्याचं तोंड तर उघडून बघा."

"मला दाखवू नगंस. बाप हाय मी त्याचा."

"मग हिला तरी नका देऊ," अक्का म्हणाली. तिनं मयूरीला माझ्याकडं दिलं, दगडावरची लहान बाटली उचलली आणि त्याच दगडावर आपटली. काचा सगळ्या अंगणभर उडाल्या. मग तिनं मोठीही आपटली.

दाजी उठले ते मला कळलं नाही. मला फक्त आवाज ऐकू आला. अक्का भिंतीवर जाऊन आदळली होती आणि तिच्या गालावर बोटं उठत होती. संगू खांबाला धरून उभा होता. तो रडला नाही. सुजलेल्या तोंडानं नुसता बापाकडं बघत राहिला.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी पोरीला पाळण्यात टाकलं आणि दाजींच्या अंगावर धावलो. त्यांनी मला एका हातानं कमरेला धरून उचललं आणि गोठ्याच्या कुडावर फेकलं. मी उठलो, पुन्हा धावलो. या वेळी त्यांनी माझी गचांडी धरली आणि म्हणाले, "घरात मारामारी न्हाई. हिंमत असंल तर हौद्यात ये."

आमच्या गावात ही रीतच होती. तालमीत घुमलेल्या दोन माणसांचं वाकडं आलं की निकाल हौद्यातल्या लाल मातीत लागायचा आणि मग त्यावर पुन्हा कुणी शब्द काढायचा नाही.

"येतो," मी म्हणालो. "मी जिंकलो तर दोन्ही पोरांची बाटली बंद. संगूला दवाखान्यात तुम्ही स्वतः न्यायचं."

"आणि मी जिंकलो तर तुझ्या भनीनं बाटलीला हात लावायचा न्हाई. आणि दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई."

अक्का भिंतीला टेकून म्हणाली, "माझ्या पोरांच्या तोंडाचा निकाल तुम्ही दोघं लावणार व्हय? मला कुणी विचारलं?"

खरंच, आम्ही कुणीही विचारलं नव्हतं, आणि तेव्हाही विचारलं नाही. आम्ही तसेच तालमीकडं निघालो.

संध्याकाळची वेळ होती. पोरं जोर काढत होती. कट्ट्यावर वस्ताद बसले होते. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण नुसत्या खाकरण्यानं तालीम गप करणारे. आम्हाला लंगोट कसताना बघून त्यांनी विचारलं, "कशाची कुस्ती?"

"बाटलीची," दाजी म्हणाले. पोरं फिदीफिदी हसली. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडं, मग दाजींच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "घरचा राग भाईर ठेवून या." पण ते आमच्या दोघांच्याही हातात राहिलं नव्हतं.

मारुतीला हात जोडले, माती अंगाला लावली आणि भिडलो. पहिल्याच सलामीला त्यांचा पंजा माझ्या मानेवर असा बसला की कानात शिट्टी वाजायला लागली. मी वाकून त्यांचा पाय ओढायला, पट काढायला गेलो; त्यांनी वरून दाबलं. माझं नाक मातीत घुसलं. ताक, तेल आणि हळद पिऊन मुरलेली ती माती माझ्या दातांत कचकचली. मी निसटलो. त्यांनी ढाक हा डाव लावायला माझा हात गुंडाळला, तोही मी कसाबसा सोडवला. माझं सगळं बळ म्हणजे चपळाई, आणि ती संपायची ते वाट बघत होते.

"सोड नाद," माझ्या कानाशी ते म्हणाले. "लहान हायस."

"अक्काला मारलं तुम्ही," मी म्हणालो आणि कपाळ त्यांच्या नाकावर हाणलं. कुस्तीत हे चालत नाही. मला माहीत होतं. त्यांच्या नाकातून रक्ताची धार लागली आणि वस्ताद ओरडले, "ए, माणसात या!" पण दाजींनी वस्तादांकडं बघितलंच नाही. आता तेही कुस्ती खेळत नव्हते. त्यांनी मला उचललं आणि आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. मी पालथा पडलो तसा त्यांनी मानेवर गुडघा रोवला, घुटना ठेवला, आणि माझा उजवा हात पाठीमागं पिरगाळला. त्यांना मला उलटं करून चीत करायचं होतं, पण मी जमीन सोडत नव्हतो. ते हात वर वर नेत गेले.

खांद्यात काहीतरी निखळलं. आवाज मला ऐकू आला, माझी किंकाळीही ऐकू आली. जणू दुसऱ्याच कुणाची तरी.

"दिनकर, सोड त्याला!" वस्ताद ओरडले.

दाजींनी सोडलं नाही. माझं तोंड मातीत होतं, श्वास बंद होत चालला होता, आणि खरं सांगतो, मला वाटलं, आता आपण मरतो. डोळ्यांसमोर ना देव आला ना आई. मयूरीचे ते दोन दात आले.

तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईनं पाऊल टाकायचं नाही, असा त्या काळी आमच्याकडं दंडक होता. अक्का उंबरा ओलांडून आत आली. तिनं कडेवरची मयूरी वस्तादांच्या मांडीवर ठेवली आणि थेट हौद्यात उतरली. पोरं बाजूला सरली. तिनं मागून दाजींचे केस दोन्ही मुठींत धरले आणि ओढले.

"हात मोडला त्याचा! सोडा! जीव घेताय काय?"

दाजींनी मागं न बघता कोपर मारलं. ते तिच्या छातीत बसलं. ती मातीत उताणी पडली आणि तिला उठताच येईना.

तिच्या मागोमाग संगू आला होता. तो कुणाच्या लक्षातच नव्हता. तो मातीतून सरळ चालत आला, माझा हात पिरगाळणाऱ्या बापाच्या हातापाशी पोचला आणि मनगटाच्या वर, जिथं दोरखंडासारखे स्नायू ताठरले होते तिथं, तोंड घालून कडकडून चावला.

किंकाळी फुटली. ती दाजींची नव्हती.

मानेवरचा गुडघा निघाला. मी कुशीवर वळून बघितलं. संगू मातीत बसला होता, तोंडाचा आ वासलेला, आणि हनुवटीवरून रक्त आणि पू ओघळत होता. दाजी आपल्या हाताकडं बघत होते. चाव्याच्या जागी, रक्ताच्या आणि लाल मातीच्या चिखलात, एक काळा तुकडा रुतून बसला होता. त्यांनी तो नखानं काढला आणि तळहातावर घेतला.

"हे काय हाय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

अक्का कोपरावर उठत होती. तिला अजून धड श्वास घेता येत नव्हता. "दात हाय," ती म्हणाली. "तुमच्या लेकाचा."

दाजी गुडघ्यांवर सरकत संगूपाशी गेले. पोर मागं मागं सरायला लागलं. बापाला बघून ते असं सरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. दाजी थांबले. मातीचे हात त्यांनी लंगोटाला पुसले, पुन्हा पुसले, आणि मग त्या जाडजूड अंगठ्यानं पोराचा ओठ उचलला. सकाळी डॉक्टरबाईंनी उचलला होता तसाच. आत जे होतं ते त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. 

 मयूरीला मांडीवर घेऊन बसलेले वस्ताद मग बोलले.

"दिनकर, तालमीत थंडाई प्याल्यावर चूळ भरल्याबिगर मी तुला कधी झोपू दिलं काय रं?"

दाजींनी मान हलवली.

"कडूनिंबाची काडी चावल्याबिगर सकाळी हौद्यात उतरू दिलं काय?"

"न्हाई, वस्ताद."

"मग ह्या लेकराला चूळ भराय कुणी सांगायचं?"

 मला आजही वाटतं, त्या क्षणी कुणी त्यांना दगड मारला असता तर त्यांनी तो हसत झेलला असता. ते तसेच हौद्याच्या मध्यभागी आले. आधी बसले. मग हात पसरून, सावकाश, स्वतःहून उताणे पडले. दोन्ही खांदे मातीला लावले. त्यांची पाठ मातीला लागलेली त्या तालमीनं पहिल्यांदाच बघितली.

"निकाल द्या, वस्ताद," ते आढ्याकडं बघत म्हणाले. डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानात चाललं होतं आणि ते पुसत नव्हते.

 "दिनकर चीत," वस्ताद म्हणाले. "कुस्ती संगूची."

पोरांपैकी कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला. अक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की तो हात तसाच खाली गेला. ती उठली, संगूला पोटाशी धरलं, वस्तादांकडून मयूरीला घेतलं आणि दाजींच्या डोक्याशी येऊन उभी राहिली.

"बाटलीचा निकाल लागला," ती म्हणाली. "माझ्या थोबाडीत मारली त्याचा अजून लागायचाय. माझ्या भावाचा हात मोडला त्याचा लागायचाय. मी माहेरी चाललोय. बोलवाय येऊ नगा. मला वाटलं तर येईन."

दुसऱ्या दिवशी माझा खांदा बसवला. सूज उतरल्यावर संगूचे उरलेले दात काढायला त्याला दवाखान्यात नेलं. शब्द दिला होता तसे दाजी स्वतः घेऊन गेले. भूल चढेपर्यंत पोरानं त्यांचं बोट धरून ठेवलं होतं, असं डॉक्टरबाईंनी नंतर सांगितलं. बाहेर अक्का दाराच्या एका बाजूला बसली होती आणि दाजी दुसऱ्या बाजूला.

पुढं कितीतरी महिने ती आमच्याकडं होती. दाजी यायचे. तिनं येऊ नका म्हटलं होतं म्हणून ते उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत, अंगणात बसायचे. माझे वडील त्यांच्याशी बोलायचे नाहीत. मीही बोलायचो नाही. खांदा दुखायचा आणि त्याहून जास्त दुसरं काहीतरी दुखायचं, कारण देव मानलेला माणूस डोळ्यांदेखत राक्षस झालेला मी बघितला होता. त्यांनी माझी माफी मागितली. मी ती लगेच दिली नाही. पहिल्याच पंधरवड्यात अक्काची मागितली तेव्हा ती म्हणाली, "तोंडानं बोलू नगा. करून दाखवा."

"काय करू?" त्यांनी विचारलं.

अक्कानं घरातून एक धुतलेलं मऊ फडकं आणि पाण्याची वाटी आणून त्यांच्यासमोर ठेवली. मयूरीचं नुकतंच पिऊन झालं होतं. तिला तिनं त्यांच्या मांडीवर दिलं आणि स्वतः उंबऱ्यात बसली, हाताची घडी घालून.

दाजींनी साबण मागून घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. मनगटाच्या वर चाव्याचा व्रण अजून लाल होता. त्यांनी फडकं बोटाला गुंडाळलं, ओलं केलं, पिळलं. ज्या हातानं माझा खांदा निखळवला होता त्याच हातानं फार जपून त्यांनी पोरीचा ओठ खाली केला आणि ते दोन दात पुढून पुसले, मग मागून पुसले.

मयूरीला ते आवडलं नाही. तिनं दोन्ही हिरड्यांत बापाचं बोट धरलं आणि असेल नसेल ती ताकद लावून चावली.

मी दचकून उभा राहिलो. अक्काही अर्धी उठली.

दाजींनी बोट काढून घेतलं नाही. तसंच तिच्या तोंडात राहू दिलं.

"चाव," ते म्हणाले. "चाव बाई, चाव. तुझं चांगलं हायत."